अनीशच्या घराखालची टाकी

मित्रांनो, माझं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. काही जण नाकाला रुमाल लावतात, काही जण हसतात. मी एका जुन्या आरव्हीच्या पोटातली मैल्याची टाकी आहे.

आरव्ही म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. त्यात झोपायला पलंग असतो, दोन शेगड्या असतात, न्हाणीघर असतं आणि संडासही असतो. पण हे घर रस्त्यावर फिरतं. शहराच्या गटाराशी ते जोडलेलं नसतं. मग संडासातलं सगळं जातं कुठे? ते माझ्यात येतं. योग्य जागी नेऊन मला रिकामं करेपर्यंत मी ते सांभाळते. माझं काम एवढंच.

माझा जन्म इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकची भुकटी साच्यात भरून तो साचा भट्टीत गोल गोल फिरवला आणि मी काळी, जाड, कुठेही सांधा नसलेली अशी बाहेर पडले. मला न्हाणीघराच्या फरशीखाली बसवलं. माझ्या बाजूला हातभर अंतरावर आणखी एक टाकी होती. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी तिच्यात जायचं. तिला साबणाचा वास आणि मला माझा. इतकी वर्षं शेजारी राहूनही आमच्यात कधी एक शब्द झाला नाही.

मला डोळे नाहीत, पण ऐकू सगळं येतं, आणि त्यावरून बाकीच्याचा अंदाज बांधता येतो. संडासाच्या तळाची झडप उघडली की वरचा आवाज सरळ माझ्यात उतरतो. ती बंद असली तरी फरशीतून पावलं कळतात. कोण थकलेलं आहे, कोण घाईत आहे, कोण उगाच येरझाऱ्या घालतं आहे, हे मला पावलांवरून समजतं.

माझे पहिले मालक वॉल्टर आजोबा. ओहायोत तीस वर्षं शाळेची बस चालवून ते निवृत्त झाले होते. त्यांनी आणि जोन आजींनी मला अख्खी अमेरिका दाखवली, म्हणजे ऐकवली म्हणा. आजोबा मला फार जपत. दर वेळी भरपूर पाणी सोडत. पुरती भरत आले की मला डंप स्टेशनवर नेत. डंप स्टेशन म्हणजे अशा गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करायची जागा. तिथे जमिनीत झाकणाचं एक तोंड असतं आणि त्याच्याखाली गटार. आजोबा हातमोजे चढवत, नळी जोडत, आधी माझ्या तळाच्या झडपेचा दांडा ओढत आणि मग शेजारणीचा. तिच्या साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघे. शेवटी मला स्वच्छ पाण्याने खळबळून घेत. सगळं झालं की माझ्या कुशीवर दोन थापा मारत आणि म्हणत, "गुड गर्ल."

अकरा वर्षांनी जोन आजी गेल्या. त्यानंतर आजोबा एकदाच प्रवासाला निघाले. त्या वेळी वर एकट्याचीच पावलं होती. परतीच्या वाटेवर त्यांनी मला रिकामं केलं, धुतलं आणि नळी हातात धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले. पुढच्या महिन्यात गाडी विकली गेली. एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत ती कॅलिफोर्नियात आली आणि सॅन होजेजवळच्या एका विक्रेत्याच्या आवारात दोन वर्षं उन्हात पडून राहिली. आत काही नाही, वर कोणी नाही. रिकामेपणाचा कंटाळा येतो, हे मला तिथे कळलं.

मग अनीश आला.

अनीश नागपूरचा. चोविसाव्या वर्षी कामाच्या व्हिसावर इकडे आला, कॉम्प्युटरमधलं काम करत इथलाच झाला. आता तो सत्तेचाळीसचा होता. सहा वर्षांपूर्वी त्याचा आणि त्याच्या बायकोचा, निधीचा, घटस्फोट झाला होता. निधी मुलीला घेऊन दूर उत्तरेकडच्या बेलव्ह्यू शहरात राहायला गेली, तिकडे तिची चांगली नोकरी होती. मुलीचं नाव सिया. अनीश इकडेच, सॅन होजेशेजारच्या सांता क्लारात मागे राहिला. मग त्याची नोकरी गेली आणि पाठोपाठ फ्लॅट सुटला. हे सगळं मला त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण तो कोणालाच पूर्ण काही सांगत नसे.

गाडी घेतली तेव्हा तो विक्रेत्याला म्हणाला होता की दोनच महिन्यांचा प्रश्न आहे. गोदामांच्या मागच्या एका रस्त्यावर त्याने गाडी लावली. एका जागी जास्त दिवस गाडी ठेवायला मनाई होती, म्हणून दर तीन दिवसांनी ती हलवावी लागे. खिडक्यांचे पडदे त्याने कधी उघडले नाहीत. आंघोळ तो जिममध्ये करून येई. चार महिन्यांनी त्याला दुसरं काम मिळालं. तेव्हा तरी खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण तोवर "मी मजेत आहे" हे त्याने इतक्या जणांना सांगितलं होतं की ते परत कसं घ्यायचं, हेच त्याला उमगेना. सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जाई. संध्याकाळी येऊन दार लावून घेई. ऑफिसातल्या कोणाला पत्ता नव्हता. नागपूरला आईलाही नव्हता. तिचा फोन आला की तो म्हणायचा, "हो आई, जेवूनच राहिलो. हो, घर मोठं आहे. उजेड भरपूर येते." आणि मी फरशीखालच्या अंधारात ते ऐकायचे.

माझी निगा कशी ठेवायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने कोणाला विचारलंही नाही. टाकी लवकर भरू नये म्हणून तो संडासात पाणीच कमी सोडायचा, जेमतेम पेलाभर. मित्रांनो, मैल्याला पाणी लागतं. पाणी असलं की तो पसरतो, विरघळतो, वाहून जातो. पाणी नसलं की पडेल तिथेच बसतो. महिन्यातून एकदा अनीश मला डंप स्टेशनवर न्यायचा, दांडा ओढायचा, पातळ होतं तेवढं निघून जायचं आणि तो पाच मिनिटांत निघायचा. मागच्या गाडीतून ओळखीचं कोणी उतरेल, याचीच त्याला धास्ती. धुणं नाही, खळबळणं नाही. संडासाच्या नळकांड्याखाली माझ्यात एक ढीग साठत गेला. वरच्या भिंतीवर माझी पातळी दाखवणारे चार छोटे दिवे होते. आतल्या सेन्सरला कागद चिकटल्यामुळे ते कायम तीनच लागायचे, मी भरलेली असो की रिकामी. अनीशने त्या दिव्यांकडे बघणं सोडून दिलं.

पण त्याची एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. जानेवारीत एकदा सलग आठ दिवस पाऊस लागला. मी भरत आले होते आणि डंप स्टेशन दुरुस्तीसाठी बंद होतं. पहाटे तो खाली उतरला. गाडीशेजारी रस्त्याच्या कडेला पावसाच्या पाण्याची जाळी होती. तिच्यातून जाणारं पाणी कुठेही शुद्ध न होता सरळ खाडीत जातं. त्याने नळी जोडली, तिचं टोक जाळीत सोडलं आणि माझ्या दांड्यावर हात ठेवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मनात काय चाललं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण हात तसाच राहिला. मग तो स्वतःशीच म्हणाला, "नाही यार." नळी काढून त्याने गुंडाळून ठेवली आणि त्या दिवशी मला एकोणीस मैलांवरच्या दुसऱ्या डंप स्टेशनवर नेलं. तिथेही त्याने मला धुतलं नाहीच. तरी मला त्याचा अभिमान वाटला.

आठवड्यात एक वेळ अशी होती की वर जीव यायचा. रविवारी दुपारी सियाचा व्हिडिओ कॉल असे. अनीश आधी भांडी आवरायचा, कपाटाच्या दारावर एक निळी चादर टांगायचा आणि तिच्यासमोर बसायचा, म्हणजे मागे भिंत आहे असं वाटावं. सिया पंधरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तरं इंग्रजीत द्यायची आणि दोन मिनिटांत "ओके बाबा, बाय" म्हणून फोन ठेवायची. फोन बंद झाल्यावर अनीशची पावलं बराच वेळ हलत नसत.

एका रविवारी मात्र ती बोलत राहिली. अनीशने तिला सांगितलं होतं की नव्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या आहेत, त्यातली एक तुझी, आणि भिंतीला कुठला रंग देऊ? सियाने चाळीस मिनिटं घेतली. आधी पिवळा, मग समुद्रासारखा हिरवा, मग एकाच भिंतीला हिरवा आणि बाकीच्या पांढऱ्या. खिडकी कुठल्या बाजूला आहे? पुस्तकांना फळी आहे का? अनीश एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेला. खिडकी पूर्वेला. फळी आहे. मी ऐकत होते आणि मला बरंही वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

जून महिन्यात सियाने सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आठवडाभर बाबाकडे येणार. आजवर अनीशच बेलव्ह्यूला जायचा, तिथल्या एखाद्या मोटेलात उतरायचा आणि तिला भेटून यायचा. ती यायची ही पहिलीच वेळ. त्याने आढेवेढे घेतले, पण तिकीट काढून झालं होतं. मग त्याने अजून एक खोटं रचलं. बिल्डिंगमध्ये पाइपांचं काम निघालं आहे, म्हणून आपण घरी न राहता सरळ सहलीलाच जाऊ, मी एक आरव्ही भाड्याने घेतली आहे. सियाला ते फारच आवडलं.

ती येण्याआधी त्याने स्वतःच्या राहण्याच्या सगळ्या खुणा दोन खोक्यांत भरल्या. शर्ट, ऑफिसचे बूट, मसाल्याचा डबा, आईने पाठवलेली गोधडी. खोकी त्याने पलंगाखाली ढकलली. झाडून पुसून गाडी अशी केली की कोणाचीच नसावी. माझ्याकडे लक्ष द्यायचं मात्र त्याला सुचलं नाही.

मॉन्टेरेच्या अलीकडे समुद्रकाठच्या एका पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागी, त्यांनी गाडी लावली. पहिले दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. वर दोघांची पावलं. सिया दाणदाण चालायची, कपाटं उघडून बघायची, कॉफीत चुकून मीठ पडलं म्हणून हसायची. ती घरच्या सवयीने भरपूर पाणी सोडायची. इतक्या महिन्यांनी मला पाणी मिळत होतं. पण ढीग इतका वर आला होता की पाण्याला खाली जायला वाट उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिया म्हणाली, "बाबा, इट्स नॉट गोइंग डाउन." संडासाच्या भांड्यात पाणी तुंबलं होतं.

अनीशने गाडी पार्कच्या डंप स्टेशनवर नेली. नळी जोडून दांडा ओढला. पेलाभर पाणी आलं आणि थांबलं. त्याने दांडा आत ढकलला, पुन्हा ओढला. माझ्या कुशीवर मुठी मारल्या. काही नाही. मागे तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. एकीने भोंगा वाजवला. अनीश वाकल्या वाकल्याच पुटपुटला, "अरे देवा, आता काय करू."

"काका, तुम्ही मराठी?" असं कोणीतरी विचारलं.

ती रुही. पार्कमध्ये देखभालीचं काम करायची, तिशीची असेल. जन्म फ्रीमाँटचा, आईवडील पुण्याचे, मराठी आजीकडून शिकलेली आणि अडखळत बोलणारी. परक्या ठिकाणी असं मराठी माणूस भेटल्यावर दुसरा कोणी सुखावला असता. अनीशने मात्र कसंबसं "हो" म्हटलं. सांता क्लारा आणि फ्रीमाँट काही लांब नाही. तिच्या आईवडिलांची आणि आपली कोणीतरी समाईक ओळख निघणारच, हे त्याला कळून चुकलं असणार.

रुहीने त्याला गाडी बाजूला, त्यांच्या अवजारांच्या शेडजवळच्या नळापाशी घ्यायला लावली. मागच्यांची वाट मोकळी केली. मग ती हातमोजे घालून वर गेली, भांड्यातलं पाणी उपसलं, झडप उघडली आणि टॉर्चचा उजेड माझ्यात सोडला. तिने बराच वेळ पाहिलं. मित्रांनो, इतक्या महिन्यांत माझ्यात डोकावून पाहणारं ते पहिलं माणूस. अनीश तिच्यामागे दारात उभा होता आणि सिया त्याच्या मागे.

"काका," रुही म्हणाली, "हे दोन-तीन दिवसांचं नाही. एका वीकचंही नाही. यात कोणीतरी खूप दिवस राहतंय. अ यिअर, मेबी मोअर."

रुहीला वाटलं, आपलं मराठी समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं की भाड्याच्या गाडीची टाकी अशी होऊच शकत नाही, त्या लोकांनी न धुता गाडी तुमच्या गळ्यात मारली आहे, तुम्ही तक्रार करा, मी लिहून देते.

सियालाही राग आला. ती म्हणाली, "दे लाइड टू यू, बाबा."

मुलगी त्याची बाजू घेत होती. परकी मुलगी सही करून द्यायला तयार होती. त्याने नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी निभावून गेलं असतं. पुढचे चार दिवस हसतखेळत गेले असते, आणि तो पुन्हा त्या गोदामांमागच्या रस्त्यावर येऊन पडदे ओढून बसला असता. मी श्वास घेत नाही, पण घेत असते तर तेव्हा धरून ठेवला असता.

"कोणी फसवलं नाही," अनीश म्हणाला. "गाडी माझी आहे. मी यातच राहतो. चौदा महिने झाले."

हे तो मराठीत बोलला आणि सियाला ते सगळं कळलं. दाणदाण पावलं पायऱ्या उतरून गेली, वाळूकडे जाणाऱ्या खडीवरून वाजत वाजत लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली. रुही खाली उतरली, बादली नळाखाली ठेवली आणि नळ सोडला. बादली भरल्यावर ती अनीशजवळ ठेवून म्हणाली की गरम पाणी आणि भांड्यांचा साबण लागेल, वेळ लागेल, पण निघेल. संध्याकाळी परत येते, असंही तिने सांगितलं.

अनीश खाली येऊन माझ्या शेजारी चाकाला पाठ लावून जमिनीवर बसला. तो मुलीच्या मागे धावला नाही. मला वाटतं, जावं की न जावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. दीड तास तो तसाच बसून होता. एकदा त्याने फोन काढला आणि परत ठेवला. भरलेली बादली तशीच होती. मला त्याला सांगावंसं वाटलं की माझ्यात साचलेलं सगळं त्याचंच आहे आणि मला त्याची घाण वाटत नाही. पण मी टाकी. सांगणार कशी?

खडीवर पावलं वाजली. सिया त्याच्यासमोर येऊन थांबली.

"माय रूम?" तिने विचारलं.

"नाहीये."

"नेव्हर?"

"कधीच नव्हती."

"देन व्हाय डिड यू आस्क मी द कलर?" आणि मग, त्याने ऐकलंच पाहिजे म्हणून असेल, ती मराठीत म्हणाली, "कलर का विचारलास, बाबा?"

"तू बोलत होतीस," तो म्हणाला. "एरवी दोन मिनिटांत फोन ठेवतेस. त्या दिवशी रंगाचं निघालं आणि तू बोलतच राहिलीस. मला ते थांबवता येईना."

सिया रडली. नंतर तो रडला, तिच्यापेक्षा जास्त. मी माणसांचे खूप आवाज ऐकले आहेत, पण मोठ्या माणसाने मुलीसमोर असं रडणं पहिल्यांदा ऐकलं. सिया त्याच्या शेजारी बसली नाही, त्याला जवळही घेतलं नाही. तिचा राग गेला नव्हता. तिने एवढंच विचारलं, "ग्लव्ह्ज कुठेत?"

पुढचे तीन दिवस त्या दोघांनी समुद्र फारसा पाहिला नाही. दोन्ही शेगड्यांवर पातेली चढायची. गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी, असं करत त्यांनी मला काठोकाठ भरलं. मग अनीश गाडी पार्कच्या आतल्या रस्त्यावरून हळूहळू फिरवी, म्हणजे पाणी माझ्यात हिंदकळून ढीग भिजावा. रुहीने एक लांब, वाकणारी नळी आणून दिली. तिच्या टोकाला फवारा होता. ती वरून माझ्यात सोडायची आणि धार मारत राहायचं. धार मारता मारता बापलेक बोलत. सुरुवातीला फक्त कामाचं. डावीकडे धर, पाणी बंद कर. मग सियाने विचारलं की थंडीत काय करायचास? आंघोळ? आजीला माहीत आहे का? अनीश उत्तरं देत गेला. खिडकी पूर्वेला आहे म्हणाला होता तसं एकही खोटं उत्तर त्यात नव्हतं. "आजारी पडला असतास तर?" असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पडलो होतो. फेब्रुवारीत. पाच दिवस." ते पाच दिवस मला आठवतात. वरून फक्त खोकला ऐकू यायचा. सियाने धार बंद केली आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू केली.

शुक्रवारी दुपारी ढीग ढासळला. अनीशने दांडा ओढला आणि चौदा महिन्यांचं सगळं एकदम सुटलं, धडधडत नळीतून गेलं, जातच राहिलं. मला इतकं हलकं वाटलं की मी किती जड झाले होते हे तेव्हाच कळलं. नळीला एक पारदर्शक तुकडा जोडलेला होता. सिया त्यावर टॉर्च धरून बसली होती. रंग बदलत गेला. त्यांनी मला दोनदा, तीनदा, चारदा खळबळलं. शेवटी सिया म्हणाली, "क्लिअर आहे, बाबा. पाणी क्लिअर येतंय."

त्या संध्याकाळी अनीशने निधीला फोन केला. सियाने तसं सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःहून केला. त्याने सगळं सांगितलं. मग निधीने विचारलं, "जेवतोस का नीट?" तो हो म्हणाला. ती चिडलीही. माझ्या मुलीचा बाप कुठे राहतो हे मला माहीत नसावं, हे पुन्हा चालणार नाही, असं तिने त्याला बजावलं. अनीशने ते ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर त्याने पलंगाखालची खोकी ओढून काढली, आईची गोधडी सियाच्या अंगावर घातली आणि मसाल्याचा डबा ओट्यावर ठेवला. त्या दिवशी खिचडी झाली.

रविवारी सिया परत जायला विमानतळावर गाडीतून उतरली. दार लागलं. गाडी गोदामांमागच्या रस्त्यावर परत आली आणि वर पुन्हा एकट्याचीच पावलं उरली. एका आठवड्यात सगळं पालटलं, असं मी सांगितलं तर ते खरं होणार नाही. संध्याकाळी तो पूर्वीसारखाच गप्प बसून राही. पण पडदे उघडायला लागला. दर दहा दिवसांनी मला नीट पाणी देऊन, रिकामं करून, धुऊन आणू लागला. आणि रविवारी निळी चादर टांगायची बंद झाली. कधी कधी फोन आताही दोन मिनिटांतच संपायचा. ते त्याला चालायचं.

ऑगस्टमध्ये त्याने श्रीरंगला फोन केला. श्रीरंग त्याचा पहिल्या नोकरीतला मित्र. वर्षभर त्याचे फोन आले की अनीश कट करायचा. श्रीरंगने ऐकून घेतलं आणि म्हणाला की आमच्या गॅरेजवर एक खोली आहे, तू आधी सामान आण, मग काय बोलायचं ते बोलू. अनीशने सामान नेलं. दोन खोक्यांत मावलं.

गाडी विकायला दिली त्या दिवशी सकाळी तो मला शेवटचं रिकामं करायला घेऊन गेला. घेणारा टाकीत डोकावून बघत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने पुरता एक तास घालवला. घाई केली नाही, मागे कोण उभं आहे ते पाहिलं नाही. एका माणसाने त्याला विचारलंही, एवढी कशाला धुतोस? अनीश म्हणाला, "मी राहिलोय यात."

आता मी पुन्हा एका आवारात उभी आहे. वर कोणी नाही. लोक येतात, स्टिअरिंग फिरवून पाहतात, गादी दाबून पाहतात, शेगडी लागते का ते विचारतात. माझ्याबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. अनीशची आठवण येते. त्याने परत इथे राहायला यावं असं मात्र मला मुळीच वाटत नाही.

मित्रांनो, कधी अशा गाडीतून सहलीला गेलात तर माझ्या भावंडांना भरपूर पाणी द्या. दांडा ओढून पळून जाऊ नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आणि तुमच्या ओळखीचं कोणी असेल, जे नेहमी मजेत असतं पण कधी कोणाला घरी बोलावत नाही, त्याच्यावर रुसू नका. आईबाबांना घेऊन एकदा त्याच्याकडे जा. तो लगेच दार उघडणार नाही. घाई करू नका, तिथेच थांबा.